ओतासिलियोंच्या कोटांचं कपाट

आउरिसेलियाचा धंदा मेलेल्या माणसांचे डोळे उघडण्याचा. ऐकायला भयंकर वाटतं, पण क्रातो गावात त्याचं कुणाला नवल नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानाला लागून तिची अरुंद खोली आहे. तिथे लोक फोटो घेऊन येतात. मतदार ओळखपत्रावरचा टिचभर चेहरा, कुणाच्या तरी लग्नात घोळक्याच्या मागे उभा असलेला अर्धा माणूस, आणि कधी कधी तर शवपेटीत काढलेला फोटो, कारण त्या बिचाऱ्याला हयातीत कॅमेऱ्यासमोर उभं राहायला सवडच मिळालेली नसते. आउरिसेलिया तो चेहरा मोठा करते, पापण्या उघडते, नाकातला कापूस काढते, भांग पाडते, गालांवर जराशी लाली आणते आणि अंगात कोट चढवते. मग तो माणूस लंबगोल चौकटीत बसून घराच्या पुढच्या खोलीत पुढची चाळीस वर्षं टाय लावून राहतो. जन्मात ज्याने टायला हात लावला नाही, तोसुद्धा.

सगळीच गिऱ्हाइकं स्वतः दुकानात येतात असं थोडंच. बहुतेक ऑर्डरी अदाउतो आणतो. सत्तरीला टेकलेला, मोटरसायकलवर रानोमाळ फिरणारा, घरोघरी जाऊन "आजी, तुमचे मालक भिंतीवर का नाहीत?" असं विचारणारा विक्रेता. प्रत्येक फोटोला तो एक चिठ्ठी टाचतो. 'डोळे उघडणे. निळा कोट. दाढी काढणे.' किंवा, 'आजी-आजोबा एकत्र बसवणे. जिवंतपणी बोलत नव्हते, तरी एकत्र.' आउरिसेलिया निमूटपणे बसवते. अशी किती जोडपी तिने गुण्यागोविंदाने नांदायला लावली असतील, त्याला गणती नाही.

हे काम मुळात तिच्या वडिलांचं, ओतासिलियोंचं; गाव त्यांना आदराने सेउ ओतासिलियो म्हणायचं. ते हाताने रंगवायचे. फिकट छापलेल्या मोठ्या फोटोवर तेलरंग, काडीला गुंडाळलेला कापूस आणि तीन केसांचा ब्रश. चेहरा ते पटकन उरकायचे, पण कोटावर मात्र जीव. अख्ख्या कारिरी भागात त्यांच्या कोटांना तोड नव्हती. कॉलरची घडी अशी की बोट लावून बघावंसं वाटावं. फक्त एक खोड होती. कोटाचं सगळ्यांत खालचं बटण ते कधीच लावायचे नाहीत. काज रंगवायचे, बटण रंगवायचे, पण दोघांची गाठ घालून द्यायचे नाहीत. आउरिसेलियाला लहानपणापासून वाटायचं, बाबांना शेवटी शेवटी कंटाळा येतो.

पुढे संगणक आला. ओतासिलियोंनी आधी नाकं मुरडली, मग लेकीच्या खांद्यावरून डोकावून बघायला लागले. आउरिसेलियाने एक मोठं काम केलं. पैसे न भरल्यामुळे अदाउतोकडून परत आलेली वडिलांची जुनी चित्रं होती, शंभरावर. तिने ती एकेक करून स्कॅन केली आणि त्यांतले कोट, झगे, कॉलर, मोत्यांचे सर असं सगळं सुटं करून ठेवलं. त्याला ती कपाट म्हणायची. गिऱ्हाइकाचा चेहरा आला की कपाट उघडायचं, मापाचा कोट काढायचा आणि घालायचा. आणि स्वभावाने ती पडली टापटिपीची, तेव्हा कपाटात ठेवताना तिने प्रत्येक कोटाचं खालचं बटण नीट लावून टाकलं. ओतासिलियोंनी ते पाहिलं. "छान दिसतंय," एवढंच म्हणाले आणि कॉफी प्यायला निघून गेले. मूळ चित्रांना पुढे वाळवी लागली, त्याचंही तेव्हा कुणाला फारसं वाटलं नाही. कपाट होतं ना.

सुरुवातीला तो प्रोग्राम विकत मिळायचा. एकदा पैसे मोजा, तबकडी घ्या, घरी जा. मग कंपनीने विकणं बंद केलं आणि तो भाड्याने द्यायला सुरुवात केली. ब्रश भाड्याने आणून भिंत रंगवणारा रंगारी क्रातोत कुणी पाहिला नव्हता, पण इलाज काय? पहिल्या वर्षीचं भाडं इतकं कमी की ओतासिलियो म्हणाले, "एका चौकटीच्या काचेएवढं तर आहे. घे माझ्या नावावर." बँकेतलं खातं त्यांचं, मोबाईल नंबर त्यांचा आणि दुकानाच्या पाटीवरचं नावही त्यांचंच. त्यामुळे भाडेकरू झाले सेउ ओतासिलियो.

भाडं दरवर्षी वाढलं. काचेएवढं होतं ते चौकटीएवढं झालं, चौकटीएवढं होतं ते एका अख्ख्या चित्राएवढं झालं. दर वेळी पत्र यायचं की आम्ही तुमच्यासाठी नवनवीन सोयी केल्या आहेत. यंदाची सोय अशी होती की प्रोग्राम आपणहून मेलेल्याचे डोळे उघडतो. आउरिसेलियाने एकदा करून बघितलं. यंत्राने नव्वद वर्षांच्या एका म्हाताऱ्याचे डोळे उघडले खरे, पण बरोबर त्याला पांढरेशुभ्र बत्तीस दातही बसवून दिले. म्हातारा टीव्हीवरच्या मालिकेतला बँक मॅनेजर दिसायला लागला. तिने ती सोय पुन्हा वापरली नाही, तिचं भाडं मात्र भरत राहिली.

का भरत राहिली, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ओतासिलियो जाऊन सहा वर्षं झाली होती. बँकेत ती महिन्याला त्या भाड्यापुरते पैसे टाकायची, बाकी खातं रिकामं. आणि कंपनीची पत्रं यायची ती अशी : 'नमस्कार, ओतासिलियो! आज काय रंगवताय?' जगात ही एकच जागा उरली होती जिथे बाबांची अजून चौकशी व्हायची. भाडं बंद करायचं तर अर्ज भरायचा, त्यात कारण लिहायचं. ते कारण तिच्याने लिहवत नव्हतं. सगळ्या मुलखाच्या मेलेल्यांना कोट घालणाऱ्या या बाईने स्वतःच्या बापाचं चित्र अजून केलं नव्हतं, हेही त्यातलंच.

समोरच्या छापखान्यात मार्लूसी बसते. मृताच्या सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला वाटायची स्मरणपत्रं छापणारी. एकीकडे फोटो, एकीकडे प्रार्थना. आउरिसेलियाच्या लेकीची ती धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात आणि धर्ममातेच्या नात्याने मार्लूसी तिला वाटेल ते बोलते.

सप्टेंबरात भाडं एकदम दुप्पट झाल्याचं पत्र आलं तेव्हा ती कॉफीचा पेला घेऊन आलीच. "किती झालं यंदा, कोमाद्रे?"

"झालं जरा."

"जरा? चेहरा तर असा केलायस की तुझेच डोळे मला उघडावे लागतील. किती?"

"दोन चित्रांएवढं. महिन्याला."

"वा! म्हणजे महिन्यातली दोन मढी कंपनीसाठी मरणार." मार्लूसी स्टुलावर बसली. "नऊ वर्षं झाली मी फुकटचा प्रोग्राम वापरते. जगभरची हौशी माणसं मिळून बनवतात, कुणाच्या बापाला एक पैसा द्यावा लागत नाही. आजवर एका तरी मेलेल्याने तक्रार केली?"

"तुझी कार्डं असतात बोटभर. माझी चित्रं भिंतीवर लागतात."

"हो गं बाई, तू मोठी कलावंत. ते कोट तुझ्या बापाने भाड्याच्या ब्रशाने रंगवले होते का?"

आउरिसेलिया पडद्याकडे वळली. कपाट ठेवलं होतं कंपनीच्या इंटरनेटवरच्या जागेत. गेल्या वर्षी विजेचा झटका बसून जुना संगणक जळला, तेव्हापासून ते फक्त तिथेच होतं. दुसरीकडे जायचं तर आधी ते सगळं उतरवून घ्यायचं, मग अर्ज भरायचा, मग कारण लिहायचं. नोव्हेंबरच्या दोन तारखेला सर्व मृतांचा दिवस, त्याआधी चाळीसेक चित्रं द्यायची होती. "नंतर बघू," ती म्हणाली.

पण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओतासिलियोंच्या कार्डाची मुदत संपली. भाडं पोचलं नाही. प्रोग्राम बंद झाला आणि पडद्यावर एक चौकोन आला : 'ओतासिलियो, हे तुम्हीच आहात ना? तुमच्या मोबाईलवर पाठवलेला आकडा इथे लिहा.' तो नंबर तर ओतासिलियोंच्या मागोमाग वर्षभरात बंद पडला होता. बँकेत गेली, तर खिडकीतला माणूस फार सौजन्याने म्हणाला, "नवीन कार्डासाठी वडिलांना घेऊन या, दोना आउरिसेलिया."

ती दुकानात येऊन खुर्चीत बसली. भाड्याचं तिला काही नव्हतं. कपाट गेलं होतं. बाबांच्या हातचं जे काही उरलं होतं ते सगळं कुलपात, आणि किल्ली एका मेलेल्या माणसाच्या खिशात.

अदाउतो चिठ्ठ्या द्यायला आला तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टोपी टेबलावर ठेवली. "लाव फोन."

"काय बोलणार?"

"फोनवर मी ओतासिलियो बनतो."

"सेउ अदाउतो! देवाला तरी भ्या."

"चाळीस वर्षं मेलेल्यांना जिवंत करून विकतोय, पोरी. आणखी एकाने काय आभाळ कोसळणार आहे? लाव."

बऱ्याच वेळ संगीत वाजल्यावर एक मुलगी बोलायला लागली. नाव तायनारा, बोलणं साओ पाउलोचं, चटपटीत. अदाउतोने जन्मतारीख सांगितली, आईचं नाव सांगितलं. आउरिसेलिया कागदावर लिहून दाखवत होती आणि मार्लूसी दारात उभी राहून हातानेच स्वतःला क्रूसाची खूण करत होती.

"छान, सेउ ओतासिलियो. आता तुमच्या मोबाईलवर आलेला आकडा सांगा."

"मोबाईल नाही, बेटा. हरवला."

"मग मला काहीच करता येणार नाही. नियमच तसा आहे." मुलगी खरंच खंतावली होती. "तुमच्या फाइल्स तिथे सुखरूप आहेत, पण आकड्याशिवाय मला उघडता येत नाहीत. फार महत्त्वाच्या आहेत का?"

इथे अदाउतो आपण ओतासिलियो आहोत हे विसरला आणि जन्माची सवय पुढे आली. "महत्त्वाच्या? बेटा, त्यात कोट आहेत. कोट. तुझे आजोबा आहेत का?"

"नाहीत, वारले."

"त्यांचा भिंतीवर कोटातला फोटो आहे? नसेल तर करून देतो. फुलांची चौकट, काच, घरपोच. साओ पाउलोलाही पाठवतो."

मार्लूसीने कपाळावर हात मारला. पलीकडे मुलीच्या बोलण्यातलं साओ पाउलो एकदम गळून पडलं. "अगोबाई! तुम्ही क्रातोचे ते रंगीत फोटोवाले? माझी आजी फारियास ब्रितो गावची. आजोबांचा तसा फोटो आहे की तिच्याकडे, निळा कोट, लाल टाय. आजोबांनी आयुष्यभर ऊस गाळला, कोट कुठला घालायला! लहानपणी मला वाटायचं, तो दुसराच कुणी श्रीमंत माणूस आहे आणि आजी त्याच्या पाया पडते."

"निळा, रुंद कॉलरचा?" अदाउतोच्या तोंडून निघून गेलं. "तो ओतासिलियोचाच कोट. मीच विकला असणार."

आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. आउरिसेलियाने डोळे मिटून घेतले. फोनवर मुलगी हळूच म्हणाली, "तुमच्या घरी असं काही झालं असेल तर मला वाईट वाटतं. आकडा मला देता येत नाही हो. पण... आजीकडचा तो फोटो अजून खिळ्यावर आहे. काकूला सांगून त्याचा फोटो काढून पाठवू? उपयोग होईल?"

दुपारपर्यंत तो आला. आउरिसेलियाने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. आजोबा, निळा कोट, लाल टाय. आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कपाट कंपनीच्या जागेत होतं ही तिची समजूतच खोटी होती. ओतासिलियोंचे कोट घरोघरी, भिंतीभिंतीला, खिळ्यावर टांगलेले होते. पैसे देऊन लोकांनी विकत घेतलेले. त्याला भाडं नव्हतं आणि कुलूपही नव्हतं.

"सेउ अदाउतो," ती उठत म्हणाली, "तुमची गिऱ्हाइकं तुम्हाला पाठ आहेत ना?"

"मला? माझ्या बायकोची जन्मतारीख विचारू नकोस. पण कुठल्या घरात कुणाला कुठला कोट दिला, ते झोपेत विचार."

नऊ दिवस ती दोघं हिंडली. सकाळी निघायचं, वाटेत मक्याचा वाफवलेला कुस्कूस आणि कॉफी, मोटरसायकलच्या मागच्या बाकावर आउरिसेलिया पांढरी चादर मांडीवर धरून. चादर कशाला? तर भिंतीवरचं चित्र उतरवून अंगणातल्या सावलीत ठेवायचं, काच काढायची, आणि अदाउतोने चादर हातांत ताणून उभं राहायचं म्हणजे रंगावर उन्हाची चमक येत नाही. मग मोबाईलने फोटो. गावोगावच्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या की हा म्हातारा आमच्या मेलेल्या माणसाला चादर का दाखवतोय. 'नाही' कुणीच म्हणालं नाही. उलट जिने तिने खुर्ची दिली, उसाच्या गुळाचा तुकडा दिला, आणि भिंतीवरच्या माणसाचे सगळे गुणदोष सांगितले. दोषच जास्त.

शेवटच्या दिवशी कारिऱ्यासूच्या वाटेवर दोना कितेरियाचं घर लागलं. पंच्याऐंशीची, कंबरेत वाकलेली, पण जीभ ताठ. भिंतीवर नवरा, तपकिरी रेघारेघांच्या कोटात.

"काढा फोटो," ती म्हणाली. "पण फुकट नाही."

अदाउतोने खिशात हात घातला.

"पैसे ठेवा तुमचे. मला त्याच्या शेजारी बसवा. माझ्या बहिणीला तिच्या चित्रात मोत्यांचा एक सर घातलाय. मला दोन हवेत."

"तीन घालते," आउरिसेलिया म्हणाली.

"तीन नको. लोक म्हणतील, म्हातारीला वेड लागलं. दोन."

चित्र अंगणात आलं, काच निघाली, अदाउतोने चादर ताणली. आउरिसेलिया मोबाईल धरून खाली वाकली आणि थबकली. नऊ दिवस ती प्रत्येक कोटात तेच बघत होती आणि प्रत्येक वेळी वाटत होतं, घरी गेल्यावर लावू. ती स्वतःशीच पुटपुटली, "बाबांनी हेही बटण सोडलंच."

"सोडलं नाही," दोना कितेरिया म्हणाली. "मुद्दाम ठेवलंय. मी भांडले होते ना त्याच्याशी! चित्र आलं तेव्हा मी क्रातोला गेले होते तक्रार घेऊन. म्हटलं, सेउ ओतासिलियो, पूर्ण पैसे घेतलेत, मग बटण अर्धवट का? तर तुझा बाप मला म्हणतो, 'दोना कितेरिया, तुमच्या मालकांनी जन्मात कोट घातला नाही. आता मी घातलाय, तो त्यांना कधी काढता येणार नाही. आपल्याकडचा उकाडा तुम्हाला माहीत आहे. एक तरी बटण उघडं असू द्या हो.'" म्हातारी हसली. "मी आले तशी परत फिरले. घरी येऊन लावलं भिंतीवर. उन्हाळ्यात जीव कासावीस झाला की बघते त्याच्याकडे आणि म्हणते, तुझं बरं आहे बाबा, तुझं बटण उघडं आहे."

आउरिसेलिया अंगणातच खाली बसली आणि रडली. लपवायचं तिने काही ठेवलं नाही. कपाटातली शंभर बटणं तिने स्वतःच्या हाताने लावली होती, टापटिपीच्या नादात, आणि बाबा "छान दिसतंय" म्हणून कॉफी प्यायला गेले होते. अदाउतो चादर धरून तसाच उभा राहिला. दोना कितेरियाने तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "रड, रड. फोटो मात्र नीट काढ."

संध्याकाळी क्रातोला येताना मोटरसायकलवर तिला विलक्षण हलकं वाटत होतं. कपाट गेलं याचं दुःख आता उरलंच नव्हतं. ते गेलं म्हणून तर हे हाती लागलं होतं. त्या कपाटात जे होते ते तिचे कोट होते. बाबांचे कोट हे.

दुसऱ्या दिवशी मार्लूसीने तिच्या संगणकावर फुकटचा प्रोग्राम घालून दिला. पहिले दोन दिवस शिव्याशापांत गेले. "ब्रश डावीकडे का आहे? पुसायचं कुठेय? हे काय, सगळं गायब झालं!"

"गायब नाही झालं, खालच्या थरात आहे. डोळे उघड. लोकांचे उघडतेस ना?"

"तुझ्या या प्रोग्रामला माझी बोटं ओळखत नाहीत."

"ओळखतील. तू मला पहिल्यांदा भेटलीस तेव्हा मीही तुला आवडले नव्हते."

तिसऱ्या दिवशी बोटांना वाटा सापडल्या. प्रोग्राम जरा अडाणी होता, पण ऐकायचा. हातात ब्रश दिला की मध्ये तोंड घालत नव्हता, कुणाला आपणहून दात लावत नव्हता, आणि पहिल्यांदा उघडल्यावर कुणाचं नावही विचारत नव्हता. भिंतींवरून आणलेले एक्केचाळीस कोट आउरिसेलियाने नव्या कपाटात लावले. प्रत्येकाचं फिकट झालेलं रंगकाम तिने हाताने पुन्हा भरलं. बरीच वर्षं तयार रंग ओतायची सवय लागली होती, आता पुन्हा गालाला किती लाल आणि सावलीला किती निळं ते स्वतः ठरवायला लागलं. बटणांना हात लावला नाही. कपाटाची एक प्रत मार्लूसीकडे ठेवली, एक अदाउतोच्या बायकोच्या शिवणाच्या डब्यात. शंभरातले एक्केचाळीसच मिळाले खरे, पण मेलेल्या माणसांना तेवढी निवड पुरते.

ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला दुपारी शेवटची चित्रं चौकटींत बसली. त्यांत दोना कितेरिया होती, नवऱ्याच्या शेजारी, मोत्यांचे दोन सर घालून. तायनाराच्या आजीच्या नावाचं एक पाकीटही होतं. तिचे आजोबा नव्याने रंगवलेले, फुकट. अदाउतोने गठ्ठे मोटरसायकलवर बांधले. "बघ, सगळं झालं," तो म्हणाला, "आणि ओतासिलियो म्हणून मी फोनवर काही वाईट नव्हतो."

"तुम्ही फोनवर माझ्या बापाच्या नावाने गिऱ्हाईक शोधलंत."

"तेच तर. तुझा बाप असता तर रंगवत बसला असता. विकलं कुणी असतं?"

तो गेला. मार्लूसी कॉफी घेऊन आली आणि दोघी दारात बसल्या. बाजार आवरत होता, दोन तारखेसाठी फुलांच्या गाड्या येत होत्या. आउरिसेलियाच्या मोबाईलवर पत्र आल्याचा आवाज झाला. ओतासिलियोंच्या पत्त्यावरचं. तिने वाचलं आणि मोबाईल मार्लूसीकडे दिला.

'ओतासिलियो, तुम्ही गेल्यापासून आम्हाला तुमची फार आठवण येते. परत या! पहिले तीन महिने निम्म्या भाड्यात.'

मार्लूसीने वाचलं. तिला हसू आवरेना, आणि मग तिच्या लक्षात आलं की हसू नये, पण तोवर आउरिसेलियाच हसायला लागली होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"निम्मं भाडं, कोमाद्रे," मार्लूसी डोळे पुसत म्हणाली. "मोह होत नाही ना?"

"थांब, उत्तर देते."

"अगं, त्यांची पत्रं यंत्र पाठवतं. कोण वाचणार?"

"नको वाचू दे."

सहा वर्षं जे तिला लिहिता येत नव्हतं ते तिने तिथेच दाराच्या उंबऱ्यावर बसून, दोन बोटांनी लिहिलं. 'ते वारले. आठवण आम्हालाही येते. आता भाडं भरणार नाही. आउरिसेलिया, त्यांची मुलगी.' पाठवलं, आणि मोठा श्वास सोडला. इतका मोठा की मार्लूसीने तिच्याकडे वळून पाहिलं.

मग ती आत गेली. नवा प्रोग्राम उघडला. वडिलांचा एक फोटो तिच्या पाकिटात सहा वर्षं होता, दुकानाच्या दारात उभे असलेले, रंगाने माखलेल्या बनियनवर, डोळे उन्हाने बारीक केलेले. तिने तो स्कॅन केला. डोळे उघडायची गरज नव्हती, बारीकच राहू दिले. कपाटातून फारियास ब्रितोचा निळा कोट काढला, रुंद कॉलरचा, आणि बापाच्या अंगात चढवला. खांदे बरोबर बसले. कॉलरची घडी नीट केली, बाहीवरची सावली गडद केली.

मार्लूसी मागे येऊन उभी राहिली. "साहेब दिसतात गं."

"उकडत असेल त्यांना," आउरिसेलिया म्हणाली, आणि खालचं बटण उघडंच ठेवलं.